आधी पाणी शोधा, मग रंग काढा: जुन्या फ्लॅटची आणि बाल्कनीतल्या बागेची कमी खर्चातली निगा

नेरूळला सिडकोच्या एका जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. घरात एकच पगार. मुलांची फी आणि सासूबाईंची औषधं भागली की घराच्या डागडुजीला आणि झाडांना मिळून महिन्याला पाचशेच्या आसपास उरतात. गेली काही वर्षं तेवढ्यातच भागवतेय.

सुरुवात मात्र पैसे वाया घालवूनच झाली. हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे यायचे. लागोपाठ दोन वर्षं दिवाळीआधी रंगारी बोलावला. त्याने भिंत खरवडली, पुट्टी भरली, दोन हात रंग दिला. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी रंगाला पैसे नव्हते, म्हणून नुसतं लक्ष ठेवलं. जोराचा पाऊस झाला की ओल आधी खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात उमटायची आणि तिथून खाली उतरायची. बाहेरून हात घालून चाचपलं, तर ग्रिलचा बोल्ट भिंतीत शिरतो तिथे बोटभर फट. पाऊस थांबून भिंत वाळल्यावर ती फट क्रॅक फिलरने बुजवली. शंभर रुपयेही लागले नाहीत. ती भिंत अजून कोरडी आहे.

आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात खाडीची खारी, दमट हवा. रंग उडतो, लाकूड फुगतं, सळई गंजते, कपाटात बुरशी येते, आणि या सगळ्याच्या मुळाशी नको त्या जागी शिरलेलं पाणी असतं. म्हणून हात आखडता असेल तेव्हा खर्चाचा क्रम महत्त्वाचा. पाणी आधी, बाकी सगळं नंतर. बागेसाठी तर वेगळे पैसे काढायची फारशी गरजच पडत नाही, ती घरातून बाहेर जाणाऱ्या वस्तूंवर चालते.

एप्रिल-मे: पाणी कुठून येतं ते शोधणं

ही कामं मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकायची. फिलर असो, सिमेंट असो की रंग, कोरड्या भिंतीलाच धरतो. मात्र ओलीचं निदान शक्यतो पाऊस चालू असतानाच करून ठेवावं. पेन्सिलीने भिंतीवर ओलीची कड आखायची, बाजूला तारीख लिहायची, मोबाइलवर फोटो काढायचा. पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्रीला हे फोटो दाखवले की तो अंदाजाने अख्खी भिंत फोडायला निघत नाही.

पहिली चाचणी भिंतीची. ओलसर वाटणाऱ्या जागी फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. आपल्याकडच्या बाजूला थेंब जमले तर ती खोलीतलीच दमट हवा, वारा खेळता ठेवला की भागतं. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय.

दुसरी चाचणी बाथरूमची. खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या छतावरचा डाग दाखवतात, आपण म्हणतो आमच्याकडून काही नाही, आणि वर्षानुवर्षांचा शेजार बिघडतो. भांडण्यापेक्षा हे करून पाहा. जाळीचं तोंड कापड आणि प्लास्टिकच्या पिशवीने घट्ट बंद करायचं, फरशीवर उंबऱ्याच्या आतच राहील असं इंचभर पाणी साठवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी पातळी उतरली असेल किंवा खालचा डाग ओला झाला असेल, तर फरशीच्या सांध्यांतून पाणी जातंय. पातळी जशीच्या तशी आणि डागही कोरडा असेल, तर संशय नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपवर. बहुतेक घरांत सांधेच निघतात. जुनं भरण टोकदार खिळ्याने कोरून काढायचं, ब्रशने झाडायचं, एक दिवस वाळू द्यायचं आणि दुकानात तयार मिळणारं टाइल ग्राउट रबराच्या तुकड्याने दाबून भरायचं. नुसतं पांढरं सिमेंट स्वस्त पडतं, पण वर्षा-दोन वर्षांत भेगाळतं. इथे चार पैसे जास्त गेलेले बरे. भरल्यावर पाकिटावर सांगितलेला वेळ बाथरूम वापरायचं नाही. आम्ही ते दोन दिवस नणंदेकडे आंघोळीला गेलो होतो.

तिसरी चाचणी संडासच्या फ्लशची. टाकीत खायचा रंग किंवा थोडी नीळ टाकायची आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. रंग भांड्यात उतरला तर आतलं रबर गेलंय. बदलायला सोपं आणि स्वस्त.

चौथं काम गच्चीचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपांची तोंडं मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वतः जाऊन बघायची. पानं, कबुतरांची पिसं, कुणाच्या तरी कामातून उरलेली सिमेंटची खडी, पतंगाचा मांजा, सगळं तिथे अडकलेलं असतं. तोंड तुंबलं की गच्चीचं तळं होतं आणि ते पाणी दिवसचे दिवस स्लॅबवर उभं राहतं. हाताने उपसायचं आणि वर घुमटासारखी जाळी बसवायची. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुन्हा एक फेरी.

तेव्हाच भिंतींच्या बाहेरच्या बाजूला, पाइपच्या आडोशाला उगवलेलं पिंपळाचं किंवा वडाचं रोप दिसलं तर दोन पानांचं आहे तोवर उपटायचं. हातभर झालं की मूळ भेगेत जाड होतं, भेग रुंदावतं आणि वरून कितीही छाटलं तरी पुन्हा फुटतं. खिडकीतून वाकून किंवा छज्जावर उतरून मात्र हे करू नका. हात पोचत नसेल तर सोसायटीच्या माणसाकडून, दोर बांधूनच.

केसासारखी बारीक भेग घरच्या घरी भरता येते. पेचकसाच्या टोकाने ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी थोडी रुंद करायची, धूळ ब्रशने काढायची, क्रॅक फिलर दाबून भरायचं, वाळल्यावर पॉलिश पेपर मारायचा आणि बाहेरच्या बाजूला असेल तर त्यावर बाहेरचा रंग. भेग रुंद होत चालली असेल, प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा स्लॅबमधून गंजलेली सळई दिसत असेल, तर हात लावायचा नाही. गंजाने सळई फुगते आणि आतून काँक्रीट ढकलते, त्यावर पुट्टी भरणं म्हणजे दुखणं झाकणं. सोसायटीला लेखी कळवा, पोच घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधून येणारी गळती सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते, आपल्या संडास-बाथरूम-सिंकमधली आपल्या. हे ठाऊक नसल्यामुळे वरच्या मजल्यावरची कितीतरी कुटुंबं स्वतःच्या खिशातून गच्चीवर पत्रा घालत असतात.

गळका नळ

नळाखाली तासभर वाटी ठेवा आणि जमलेलं पाणी मोजून त्याला चोवीसने गुणा. आमच्याकडे एका नळातून रोज दोन बादल्या निघाल्या. प्लंबर यायचे पैसे घेतो, कामाचे वेगळे. वायसर, म्हणजे नळाच्या आतली रबरी चकती, बदलणं मात्र कुणालाही जमतं.

आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. जाळीवर फडकं टाका, नाहीतर सुटा स्क्रू खाली जातो आणि मग खरा खर्च सुरू होतो. मूठ काढा, पान्याने स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, डावीकडे फिरवून बाहेर घ्या. तळाशी काळी रबरी चकती दिसेल. ती घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा, नमुना दाखवून तशीच मागा. अंदाजाने आणलेली वायसर हमखास लहान किंवा मोठी निघते. परत बसवताना आट्यांवर टेफलॉन टेप (सांधा गळू नये म्हणून गुंडाळायची पातळ पांढरी पट्टी), आपण सांधा ज्या दिशेने आवळणार त्याच दिशेने, पाच-सहा फेरे. पाव फेऱ्यात उघडणारे नवे नळ असतील तर त्यांत वायसर नसते, आतली अख्खी नळकांडी बदलावी लागते. ती महाग पडते, पण नव्या नळाहून स्वस्तच.

पाना, दोन पेचकस, टेफलॉन टेप, एम-सील (गळती बुजवायचा, मळून लावायचा लगदा), चार वायसर आणि पॉलिश पेपर एवढं एका बिस्किटाच्या डब्यात ठेवा. आमच्या मजल्यावर तीन घरांत मिळून एकच डबा आहे.

भर पावसात काय करू नये

दार फुगून अडकायला लागलं की सुताराला बोलावून रंधा मारावासा वाटतो. थांबा. ऑक्टोबरच्या उन्हात तेच दार आकसतं आणि मग चौकटीशी अशी फट राहते की डास, झुरळं सगळे आत. पावसाळ्यापुरती घासणाऱ्या कडेला मेणबत्ती किंवा साबणाची कोरडी वडी चोळा, बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडा. दिवाळीनंतरही अडकलं तर मग सुतार.

ओल्या भिंतीला रंग नको, पुट्टी नको. पांढरा क्षार आला असेल तर कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. गळती थांबवल्यावरही जाड भिंत वाळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर भिंत वाईट दिसली तर चुन्याची सफेदी द्यावी. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते. प्लास्टिक पेंट तिला आत कोंडतो आणि फुगे धरतो.

कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढे ओढा. बुरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. स्विचबोर्डाभोवती ओल दिसली तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनच बोलवा, ही बचतीची जागा नव्हे.

झुरळांसाठी बोरिक पावडर आणि कणीक सम प्रमाणात, थोडी साखर घालून मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या सिंकच्या मागे, फ्रिजखाली ठेवते. लहान मूल किंवा मांजर असेल तर मात्र हा उपाय टाळा.

विजेचं थोडक्यात. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटपर्यंत एक टप्पा आणि 101 ते 300 दुसरा, ज्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे शंभरी ओलांडणारे शेवटचे वीस-तीस युनिट सगळ्यात महाग. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. सगळे पंखे एकदम बदलू नका. जो सगळ्यात जास्त फिरतो तो एकच आधी. आमच्याकडे तो सासूबाईंच्या खोलीतला होता.

बाग: उन्हाचा हिशोब आधी

नर्सरीत जाण्याआधी आपल्या बाल्कनीत ऊन कधी येतं ते लिहून काढा. इथे बरेच जण फसतात. आपण एकोणीस अंश उत्तरेला आहोत, म्हणून मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या बाल्कनीत दुपारी थेट ऊन येत नाही, आणि वरून ढग. तीच बाल्कनी ऑक्टोबर ते मार्च उन्हाने भरलेली असते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. उत्तरेच्या बाल्कनीचं बरोबर उलट. दक्षिणेच्या बाल्कनीत जूनमध्ये टोमॅटो लावून तो लांबुळका झाला तर दोष खताचा नाही.

आमची बाल्कनी दक्षिणेची. दिवाळी ते होळी मेथी, कोथिंबीर, मिरची, टोमॅटो. पावसाळ्यात अळू, गवती चहा, पुदिना, पानांचा ओवा आणि हळद.

कुंड्या विकत घेऊ नका. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या रंगारी देऊन टाकतात. मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके पालेभाजीला उत्तम. मार्च ते मे वाशीच्या बाजारात आणि फळवाल्यांकडे हापूसच्या लाकडी पेट्या मिळतात, आत गोणपाट घातलं की मेथीचा वाफा तयार. प्रत्येकाला तळाशी पाच-सहा भोकं हवीतच.

वजनाकडे लक्ष द्या. वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली की पंचवीस-तीस किलोची होते. बाहेर काढलेल्या ग्रिलवर असं ओझं ठेवायचं नाही. भिंतीतले बोल्ट सैल होतात आणि तिथूनच पाणी आत शिरतं, माझी हॉलची भिंत अशीच ओली झाली होती. जड बादल्या बाल्कनीच्या आत, भिंतीलगत.

माती हलकी करायची कृती अशी. तळाला नारळाच्या शेंड्यांचा चार बोटांचा थर. त्यावर एक भाग माती, एक भाग घरचं कंपोस्ट, एक भाग अर्धवट कुजलेला पालापाचोळा. कोल्हापूरचे श्रीपाद अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या आपल्या चळवळीतून घरचा ओला कचरा आणि पालापाचोळा यांवर पिकं घ्यायला शिकवलं, आणि गच्चीवर बाग करणारे कितीतरी लोक आजही त्याच वाटेने जातात. नेरूळच्या रस्त्यांवरचे पर्जन्यवृक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतात. ही बारीक पानं लवकर कुजतात. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं की त्या एक गोणी बाजूला काढून ठेवतात. प्लास्टिक तेवढं वेचून घ्यायचं.

घरचं कंपोस्ट

झाकण असलेल्या दोन बादल्या घ्या. तापवलेल्या सळीने तळाला आणि चारी बाजूंना भोकं पाडा. दोन विटांवर ठेवा, खाली जुनी ताटली.

तळाला तीन बोटं वाळलेला पाला. रोजची भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, देवाची फुलं बारीक चिरून टाकायची आणि त्यावर तेवढाच किंवा दुप्पट पाला, ओलं काही वर दिसता कामा नये. सुरुवातीला एकदा आंबट ताक शिंपडायचं किंवा कुणाकडचं मूठभर जुनं कंपोस्ट घालायचं. दर तीन दिवसांनी काठीने खालीवर करा. बादली भरली की दुसरी सुरू. पहिली दोन महिन्यांत काळी, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाची होते.

वास मारायला लागला तर ओलं जास्त झालंय, पाला किंवा वर्तमानपत्राचे कपटे घाला. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. पांढऱ्या अळ्या दिसल्या की बरेच जण बादलीच फेकून देतात. त्या कुजवायचंच काम करतात, पाल्याचा थर वाढवला की कमी होतात. शिजवलेलं तेलकट अन्न, मासे-मटणाचे तुकडे घालू नका, उंदीर येतात. दिवाळे गावच्या बाजारातून आणलेली मासळी धुतलेलं पाणी मात्र मी वाया घालवत नाही. मीठ लावायच्या आधीचं पाणी चौपट साध्या पाण्यात मिसळून कढीपत्त्याच्या बुंध्याशी घालते. माझी आई असंच करायची आणि तिच्या कढीपत्त्याला शेजारणी पानं मागायला यायच्या. मांजरं येऊ नयेत म्हणून वर माती ओढते.

बी-बियाणं डब्यातलंच

मसाल्याच्या डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरायचे. दहा-बारा दिवसांत समुद्र मेथीसारखी (वाळूत वाढवलेल्या कोवळ्या, बारीक मेथीसारखी) बोटभर जुडी निघते. अख्खे धणे लाटण्याने हलके दाबून दुभंगायचे आणि भिजवून पेरायचे. उगवायला दहा दिवस घेतात, तोवर धीर सोडून माती उकरू नका. घरच्या बेगमीच्या सुक्या लाल मिरचीचं बी चांगलं रुजतं. बाजारच्या पुदिन्याची पानं चटणीला खुडून जाड दांडे पाण्यात ठेवले की आठवडाभरात मुळं. दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं वाळवून ठेवा, त्यांची रोपं पुढच्या पावसाळ्यात. संकरित फुलांची रोपं हुबेहूब तशी येतीलच असं नाही, पण फुलं येतात.

अळूचा कांदा भाजीवालीकडून. वडीचं काळ्या देठाचं अळू आणि भाजीचं अळू वेगळं, विचारून घ्या. हळदीचे कोंब आलेले तुकडे मेच्या अखेरीस लावले की श्रावणात पातोळ्यांना पानं मिळतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत पानं सुकली की खाली ओली हळद. ज्या घरात पातोळ्या होतात त्यांनी एक बादली हळदीला द्यावीच.

पाणी, कीड आणि गावाला जाणं

पाणी रोज ठरवून घालायचं नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, एसीचं पाणी झाडांना चालतं. आरओच्या गाळणीतून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते फरशी पुसायला आणि संडासला वापरा.

कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एक वार ठरवून रिकाम्या करून घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आमचा वार शनिवार.

जास्वंदीवर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या टूथब्रशने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं पातळ साबण आणि चमचाभर कडुनिंबाचं तेल मिसळून पानांच्या खालून फवारा. संध्याकाळी करा, उन्हात पानं करपतात. पाच-सहा दिवसांनी पुन्हा. मुंग्या चढत असतील तर त्या आधी आवरा, त्याच या किडीला फांदीफांदीवर पोचवतात.

मे महिन्यात आणि गणपतीला आठ-दहा दिवस गावी जावंच लागतं. जाताना सगळ्या कुंड्या सावलीला एकत्र सरकवा, मातीवर पाल्याचं जाड आच्छादन घाला. मधोमध स्टुलावर पाण्याची बादली ठेवून जुन्या सुती साडीच्या चिंध्या पिळून वात करा. एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीत चार बोटं खोल. बादलीवर कापड बांधायला विसरू नका, नाहीतर डासांची पैदास तिथेच. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघा, वात जाड असेल तर बादली एका दिवसात रिकामी होते. गेल्या मेमध्ये आम्ही नऊ दिवसांनी मालवणहून परतलो तेव्हा बादलीत चार बोटं पाणी शिल्लक होतं आणि हळदीला पहिलं पान फुटलं होतं.